उताराचे सात किलोमीटर

बहरैनच्या विमानतळावर माझी पाठपिशवी सात किलो आठशे ग्रॅम भरली. घरच्या काट्यावर ती सात किलो साडेसातशे भरली होती. हे पन्नास ग्रॅम कुठून आले, याचा विचार करत मी काट्यापाशीच थांबलो, तेव्हा मागून हमीदभाई म्हणाले, "अरे, मघाशी सुकटीच्या चटणीची पुडी सरकवली तुझ्या पिशवीत. माझ्यात जागा नव्हती."

"हमीदभाई, मी सुकट खात नाही."

"तुला कोण देतंय? तू फक्त उचल."

आमचा दहा दिवसांचा पायी प्रवास असा सुरू झाला. जायचं होतं इंग्लंडला. कॉट्सवोल्ड नावाच्या डोंगराळ भागातून चिपिंग कॅम्डेन या गावापासून बाथ शहरापर्यंत एक जुनी पायवाट जाते. लांबी एकशे दोन मैल, म्हणजे एकशे चौसष्ट किलोमीटर. एक वाटाड्या बरोबर असतो, सामान व्हॅनने पुढच्या मुक्कामाला जातं, आपण फक्त चालायचं.

हमीदभाई रत्नागिरी जिल्ह्यातले. बहरैनच्या राजधानीत, मनामात, एका शिपिंग ऑफिसात चौतीस वर्षं क्लार्क. वय साठ. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, पुण्याचा, सित्र्याच्या एका कारखान्यात मीटर बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं काम करतो. अकरा वर्षांपूर्वी बुदैयाच्या रस्त्यावर सकाळी चालताना आमची ओळख झाली आणि तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही बरोबर चालतो. जून अखेर हमीदभाई नोकरी सोडून कायमचे गावी जाणार होते. हे ठरल्यावर एका शुक्रवारी ते म्हणाले, "चौतीस वर्षं सपाटीवर चाललो. इथे कुठेही तोंड करून निघ, थोड्या वेळात समुद्र आडवा येतो. जायच्या आधी एकदा लांब चालायचंय. हिरव्यात. दिवसामागून दिवस."

"गावी हिरवंच आहे की."

"गावी गेलो की मला चालू कोण देणार? दारात पाहुणे आणि हातात नातवंडं. हे एकदाच होणार बघ, दिलीप."

त्याच आठवड्यात मी नोंदणी केली आणि व्हिसाचे अर्ज भरले.

तयारीचा प्रश्न होता. बहरैनमधली सर्वात उंच जागा, जबल दुखान, एकशे चौतीस मीटर. कॉट्सवोल्डच्या वाटेवर सगळे चढ मिळून चार हजार मीटरच्या आसपास होतात. मग मी आमच्या इमारतीचा जिना निवडला. सोळा मजले, मजल्याला अठरा पायऱ्या, एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी. पायरीची उंची साडेसतरा सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीत पन्नास मीटर चढ. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मी अठ्ठावन्न दिवस प्रत्येकी सहा फेऱ्या केल्या. पायऱ्यांनी वर, लिफ्टने खाली. मिळून सतरा हजार चारशे मीटर चढ झाला, गरजेच्या चौपटीहून जास्त. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहिली.

हमीदभाई शुक्रवारी यायचे आणि माझ्याबरोबर चढायचे. पण उतरताना ते लिफ्टमध्ये शिरत नसत, जिन्याने उतरत. मी खाली घड्याळ धरून उभा. उतरायला चार मिनिटं पुरावीत, त्यांना अकरा लागायची. त्यांची एक फेरी होईपर्यंत माझ्या दोन व्हायच्या. मध्ये रमजान आला, तेव्हा ते रोजा सोडण्याच्या तासभर आधी येऊन एकच फेरी करत, आणि उतरताना त्या दिवसांतही अकराच मिनिटं. मला वाटायचं, वय झालं. रमजानच्या आधी एकदा मी म्हणालो, "उतरण्यात कसला आलाय व्यायाम? लिफ्टने या, वेळ वाचेल."

"वाचवून काय करू?" ते म्हणाले आणि बाटलीतून पाणी प्यायले.

लंडनहून आगगाडी आणि पुढे टॅक्सी करून आम्ही चिपिंग कॅम्डेनला पोचलो. मे महिन्याचा दुसरा आठवडा. बहरैनमध्ये अडतीस अंश सोडून आलो होतो, इथे अकरा. घरं मधाच्या रंगाच्या दगडाची, छपरंही दगडाचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बाजारमंडपाजवळ, जिथे वाटेचा सुरुवातीचा दगड बसवला आहे, तिथे आमचा नऊ जणांचा गट जमला. वाटाड्या हेलन नावाची साठीच्या आतबाहेरची बाई होती. चेहरा उन्हाने रापलेला, आवाज शाळेच्या बाईंसारखा. तिने नियम सांगितले. दिवसातून दोन ठिकाणी वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथे व्हॅन येईल. ज्याला जमत नसेल त्याने न लाजता तिच्यात बसायचं.

हमीदभाईंनी मला बाजूला घेतलं. "आपलं एक ठरवू. चालायचं तर दोघांनी. बसायचं तर दोघांनी."

"काही गरज नाही. तुम्ही दमलात तर खुशाल बसा, मी चालेन," मी म्हणालो. माझ्या डोक्यात अकरा मिनिटं होती.

"नाय. दोघांनी. बोल हो."

मी हो म्हणालो.

पहिला चढ मी गटात सर्वांत पुढे राहून चढलो. हेलन म्हणाली, "बहरैनमध्ये डोंगर आहेत हे मला माहीत नव्हतं." मी जिन्याचं गणित सांगितलं. ती हसली आणि माझ्या बुटांकडे एकदा बघून पुढे गेली.

वाट लोकांच्या शेतांमधून जाते. पहिल्या फाटकाशी मी थबकलो. आत गाई चरत होत्या, पलीकडे शेतकऱ्याचं घर दिसत होतं. विचारल्याशिवाय कसं शिरायचं? हेलन म्हणाली, ही वाट शेकडो वर्षं सर्वांची आहे, शेत ज्याचं त्याचं. मालक ती बंद करू शकत नाही.

हे ऐकून हमीदभाई मराठीत म्हणाले, "आमच्या वाडीत अशी वाट असती तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या."

शेतांच्या कडेला दगडावर दगड ठेवलेल्या लांबच लांब भिंती होत्या. हमीदभाईंनी एका भिंतीवर हात ठेवला. "हा तर आमचा गडगा!" (गडगा म्हणजे चुना-माती न वापरता रचलेली दगडी भिंत.) "आमचा जांभ्याचा, यांचा पिवळा. रचणारा माणूस तोच." त्यानंतर दहा दिवस ते ढासळलेला गडगा दिसला की पडलेला एक तरी दगड उचलून जागेवर बसवत. मी मोजत होतो. बाथपर्यंत एकतीस झाले.

दुपारी आम्ही टेकडीवरच्या एका दगडी बुरुजापाशी जेवलो. भरपूर लोणी लावलेला पाव, चीज, सफरचंद. तिथून खाली ब्रॉडवे गावापर्यंत सरळ गवताचा उतार. अर्ध्यात आल्यावर माझ्या उजव्या गुडघ्यात आतून कोणीतरी टाचणी टोचावी तसं झालं. गावात पोचेपर्यंत प्रत्येक पावलाला टोचत होतं. बुरुज ते गाव, अडीचशे मीटरच्या आत उतार. मुक्कामाच्या घरी मी वही काढली. चढाचे आकडे रकानाभर होते. उताराचा रकानाच नव्हता. सतरा हजार चारशे मीटर चढलो होतो आणि एक मीटरही उतरलो नव्हतो. जे स्नायू उतरताना शरीराचं ओझं धरतात, ते सहा महिने लिफ्टमध्ये उभे होते.

कारखान्यात एखाद्याने मीटर एकाच दिशेने तपासून पास केला असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून झापलं असतं.

मी हमीदभाईंना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चार टेकड्या, म्हणजे चार उतार. चढावर मी पुढे, उतारावर मागे. एका रानात जमीनभर पांढरी फुलं होती आणि लसणाचा घमघमाट सुटला होता. तो रानलसूण होता. हमीदभाईंनी पान चावून बघितलं आणि म्हणाले, "लसूण इथे फुकट, आणि आपण चटणी बहरैनहून आणली." मला हसू आलं, पण मी एका झाडाला धरून उभा होतो.

"पाय दुखतोय?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? तू आकड्यात सांगणारा माणूस."

"दहापैकी सात."

 त्यांनी माझी पिशवी मागितली, मी दिली नाही.

चौथा दिवस वाटेवरच्या सर्वांत उंच टेकडीचा होता, तीनशे तीस मीटर. वर झाडं नाहीत, नुसतं गवत आणि वारा, आणि दिसत नसलेले चंडोल डोक्यावर गात होते. खाली मोहरीसारखी पिवळी शेतं. पलीकडच्या कडेवर डांबरी रस्ता होता, व्हॅन उभी होती. तिथून पुढे सात किलोमीटर वाट खाली एका तलावापर्यंत जाते, जवळजवळ दोनशे मीटर उतार. तोवर माझा गुडघा बुटासारखा सुजला होता. हेलनने पँट वर करायला लावली, बघितलं आणि व्हॅनचं दार उघडलं.

"हे सात किलोमीटर चालायचे नाहीत. बर्फ लाव. उद्याचं उद्या."

मी हमीदभाईंकडे वळलो. "तुम्ही चाला. प्लीज. मी खाली भेटतो."

"ठरलं होतं."

"ते मी तुमच्यासाठी म्हणून कबूल केलं होतं, हमीदभाई. माझ्यासाठी नव्हे. हे एकदाच होणार, तुम्हीच म्हणालात."

"मग?" त्यांनी काठी व्हॅनमध्ये टाकली. "खलास (संपला विषय). सरक आत."

व्हॅन वळणं घेत उतरली. खिडकीतून गटातली माणसं एका ओळीत उतरताना दिसत होती. हमीदभाई दुसऱ्या बाजूला बघत होते. साठ वर्षांचा माणूस ज्या एका चालण्यासाठी आला होता, त्यात मी भोक पाडलं होतं. त्या सात किलोमीटरला बारा मिनिटं लागली.

संध्याकाळी बहरैनला फोन केला. पत्नी म्हणाली, जिवावर ओढवून घेऊ नका. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ टेस्ट! जस्ट टेक द व्हॅन." ती दहावीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी म्हणालो, बघतो. पण तेव्हाच ठरवलं होतं की आता व्हॅनमध्ये बसायचं नाही.

गटात जॉन नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमन होते. चाळीस वर्षं टेकड्यांमधल्या घरांना पायी टपाल वाटलेलं. पाचव्या दिवशी सकाळी, मुक्कामाच्या घरामागे एक उतार होता, तिथे त्यांनी मला नेलं. आपली एक काठी माझ्या हातात दिली.

"वळ."

"कुठे?"

"टेकडीकडे तोंड कर. आता उलटा उतर. बोटं आधी टेकव, मग टाच."

मी उलटा उतरलो. दहा पावलं, वीस पावलं. टाचणी होती, पण दहातली तीन. जॉन म्हणाले, "मागचं दिसत नाही एवढीच अडचण. त्यासाठी तुला डोळे लागतील." आणि त्यांनी हमीदभाईंकडे बोट केलं.

हेलनला हे फारसं पसंत नव्हतं. तिने हात कमरेवर ठेवून सांगितलं, "गटाच्या मागे अर्धा तास. त्याहून जास्त नाही. एकतिसाव्या मिनिटाला मी व्हॅन बोलावणार, आणि तुम्ही वाद घालणार नाही."

पुढचे सहा दिवस आम्ही इंग्लंड असं उतरलो. मी टेकडीकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे, आणि हमीदभाई माझ्या खाली चार पावलांवर, काठी टेकून.

"डावीकडे मूळ हाय. उचल पाय. हां. आता दगड, सुटा हाय, त्यावर नको. ये. ये. यल्ला (चल), मोकळं हाय."

चालणाऱ्याला सहसा पुढचं दिसतं. मला सबंध उतारभर मागे सोडलेलं दिसत होतं. आलो ते फाटक, ती गाय, पांढऱ्या फुलांनी भरलेलं ते कुंपण, सगळं हळूहळू वर जायचं आणि लहान व्हायचं. आमच्याकडे बघून समोरून येणारे लोक थांबत. एका बाईने विचारलं, हा काही धार्मिक नवस आहे का? हमीदभाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, "नाही मॅडम, हा इंजिनिअर आहे."

सातव्या दिवशी कसोटी होती. नांगराच्या फाळासारखी उभी, दोन्हीकडे निसटती टेकडी. चढायला मला नऊ मिनिटं लागली. उतार ओल्या गवताचा. गट उतरून खाली जमला, रंगीत जाकिटांचे ठिपके दिसले ते हमीदभाईंनी मला सांगितलं, कारण मला दिसत नव्हते. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि पावलं मोजू लागलो. दोनशे दहाव्या पावलाला पाय घसरला. मी गुडघ्यावर नव्हे, हातांवर पडलो. खालून हमीदभाईंचा हात माझ्या बुटाखाली लागला, घट्ट.

"टेक पाय माझ्या हातावर."

"हात चिरडेल."

"तू वजन किती ते सांगत बसू नको. टेक."

मी पाय टेकला. उठलो. त्यांनी हात झटकला, चिखल पँटला पुसला. "दोनशे अकरा," ते म्हणाले. तेही मोजत होते.

खाली पोचलो तेव्हा हेलन घड्याळाकडे बघत होती. "तेवीस मिनिटं," ती म्हणाली आणि लगेच वळून चालायला लागली. पण जॉननी फ्लास्कमधला चहा हमीदभाईंच्या हातात दिला. हमीदभाईंनी पुडी सोडली आणि सुकटीची चिमूट त्यांना दिली. जॉननी ती तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "समुद्रकिनाऱ्यावर मी लहानाचा मोठा झालो. तुमचा समुद्र आमच्यापेक्षा तिखट आहे."

दहाव्या दिवशी दुपारी बाथ दिसलं. म्हणजे हमीदभाईंना दिसलं. मी शेवटच्या उतारावर उलटा होतो. ते म्हणाले, "आता वळ. हे तरी सरळ बघ." खाली दरीत सगळं शहर त्याच मधाच्या दगडाचं. मोठ्या चर्चसमोर वाटेचा शेवटचा दगड आहे. आम्ही दोघांनी एकदम त्यावर पाय ठेवला.

हेलनने सगळ्यांना छापील प्रमाणपत्रं दिली. एकशे चौसष्ट किलोमीटर पूर्ण. मी तिला म्हणालो, आमच्या दोघांचं एकशे सत्तावन्न झालं आहे, चौथ्या दिवशीचे सात वजा करावे लागतील.

"कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"लिही, बाई," हमीदभाई तिला हिंदी-इंग्रजीत म्हणाले, "हा मीटर तपासतो. झोप येणार नाही त्याला." तिने पेनने आकडा खोडून एकशे सत्तावन्न केला, खाली सही केली आणि मग पहिल्यांदाच मला मिठी मारली.

परतीच्या विमानात मी म्हणालो, "ते सात किलोमीटर माझ्याकडून राहिले."

"बहरैनमध्ये भरू."

"सपाटीवर कसे भरणार? ते उताराचे होते. दोनशे मीटर."

त्यांनी डोळे मिटले होते. "तुझा जिना किती?"

"पन्नास."

"मग चार वेळा."

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ते आले. त्यांच्या सामानाच्या पेट्या आधीच गेल्या होत्या, विमान रविवारी होतं. पहाटे आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर सात किलोमीटर चाललो, उन्हं तापायच्या आत. मग माझ्या इमारतीत आलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही लिफ्टने वर गेलो आणि जिन्याने खाली निघालो.

चौदाव्या मजल्याच्या वळणावर खिडकीत पुदिना वाळत घातला होता आणि इजिप्तची एक आजी स्टुलावर बसली होती. ती अरबीत बोलली, हमीदभाईंनी उत्तर दिलं, तिने त्यांच्या हातात पुदिन्याची जुडी दिली. दहाव्यावर एक फिलिपिनो नर्स पायरीवर बसून फोनवर मुलाशी बोलत होती. तिने फोन हमीदभाईंसमोर धरला आणि पडद्यातल्या मुलाने हात हलवला. सातव्यावर केरळचा एक माणूस रात्रीची शिफ्ट संपवून बूट काढत होता. घरात मूल झोपलेलं असतं म्हणून तो बूट जिन्यात काढतो.

"हमीदभाई, संडे को पक्का?"

"इंशाल्ला, संडे."

"फिर ये साहब कौन?"

"ये? इसी बिल्डिंग में रहता है, चौदा साल से," हमीदभाई म्हणाले. "ऊपर जाता है तो दिखता है. नीचे लिफ्ट से आता है."

त्या माणसाने मला नमस्कार केला. मीही केला. गुडघा दहापैकी एक होता.

चार फेऱ्या झाल्या. तळमजल्यावर हमीदभाईंनी माझी वही मागितली. आपल्या हाताने उताराचा रकाना आखला, त्यात दोनशे लिहिलं, आणि वहीबरोबर पुदिनाही माझ्याकडेच दिला, त्यांना विमानात नेता येणार नव्हता.

ते गावी गेल्याला आता पाच महिने झाले. शुक्रवारी सकाळी मी सोळा मजले चढतो आणि जिन्यानेच उतरतो. आजीच्या गुडघ्यालाही सूज आहे, तिला मी उलटं उतरायला शिकवतो आहे, खाली चार पायऱ्यांवर उभा राहून. ती नसते त्या दिवशीही घड्याळ लावतो. कालची उतरायची वेळ अकरा मिनिटं वीस सेकंद.